दहापैकी दोन

ब्रॅम्पटन,
१२ मे २०२३

प्रिय कोमल,

सप्रेम जयभीम.

दोन बसस्टॉपच्या अंतरावर राहणारी बाई पोस्टाने पत्र पाठवते म्हणून हसशील. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तुझा आवाज ऐकून ग्रोसरीच्या भावांवर बोलत बसले. लिहिताना निदान तोंड दिसत नाही.

आम्हा नर्सेसच्या पगाराचा निकाल लागला. तीन वर्षं वाढ एक टक्क्यावर बांधणारा सरकारचा तो कायदा कोर्टाने उडवला, आता मागची थकबाकी मिळणार. ब्रेकरूममध्ये केक कापला. खायला आम्ही जुन्या चौघीच. अकरा होतो, बाकीच्या तुझ्यासारख्या जास्त पैसे देणाऱ्या नर्सिंग एजन्सीत गेल्या. तू गेलीस तेव्हा मी तुला पळपुटी म्हटलं आणि वर्षभर बोलले नाही. निष्ठेचा फार माज होता मला.

परवा बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात तूच येऊन मिठी मारलीस. म्हणालीस, "तू होतीस म्हणून बरं गं, आईला शेवटी आपलं माणूस तरी दिसलं." मी मान हलवली आणि खिरीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही.

तू आमच्या हॉस्पिटलकडून आईचे कागद मागवलेस, असं तुझ्या भावाने, प्रीतमने सांगितलं. पहिल्याच पानावर सही दिसेल. ती माझी आहे. ते आधी माझ्याकडून कळावं.

जानेवारीतल्या त्या दुपारी तू दूर उत्तरेला, टिमिन्सला ड्युटीवर होतीस. प्रीतम तुझ्या आईला, गंगुमावशींना, इमर्जन्सीच्या दारात उतरवून गाडी लावायला गेला. हॉलमध्ये छत्तीस माणसं, आणि पेशंट पाहून नंबर लावायला दोघी हव्यात तिथे मी एकटी. सकाळपासून उसंत नव्हती, बारा तासांच्या ड्युटीचा सहावा तास चालू होता. मावशी समोर बसल्या आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "जेवली का वं पोरी?"

मी विचारलं, दुखणं दहापैकी किती?

"काई नाई वं, पाठीत जरा भरून आलं. पित्त असंन. दोन लिव. माह्यापेक्षा बेजार लोकं बसले हायेत."

मी दोन लिहिलं.

कोमल, आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात हे मला कोणी शिकवायची गरज नाही. नव्या पोरींना मीच सांगते, आपली म्हातारी दोन म्हणाली की सात धरा आणि आधी ईसीजी काढा. तुलाही मीच सांगितलं होतं. त्या दिवशी सात धरलं नाही. ईसीजी काढला नाही. सहा तासांनी त्यांनी खुर्चीतच मान टाकली, तेव्हा मी धावले.

दमले होते, हे खरं. माणसं नव्हती, हेही खरं. चार महिने मी स्वतःला हेच सांगत होते.

पण पेन हातात असताना माझ्या मनात एक वाक्य आलं होतं. जास्तीच्या पगारासाठी आम्हाला सोडून गेलेल्या बाईच्या आईला मी कशाला पुढे घ्यायचं? बस, एवढंच. क्षणभरच आलं. मग मी पुढच्या माणसाला हाक मारली. मावशींनी मला जेवलीस का विचारलं होतं, आणि मी त्यांच्यावर तुझा राग काढला.

तू तक्रार कर, माझं नाव घालून कर. युनियन म्हणेल स्टाफ नव्हता. तेही लिही, कारण उद्या तिथे दुसरी कुणी एकटी बसणार आहे. विचारलं तर मी हे सगळं असंच सांगेन.

माफी मागत नाही. ती द्यायला आता मावशी नाहीत, आणि तुझ्याकडे मागायचं तोंड मला नाही. पुढच्या जयंतीला मी दिसले तर मिठी मारू नकोस. ओळख दाखवायची की नाही, तेही तूच ठरव.

तुझ्या आईचं दुखणं दोन लिहिणारी,
धम्मप्रिया