मुद्दाम बिघडवलेली खिचडी

मॅ, उद्या तुझ्या नावाने विहारात जेवण द्यायचंय आणि तू गेल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते काम माझ्याकडे आलंय. तुझ्या लेकीने व्हँकुव्हरला नवीन जॉब घेतला, तिला सुट्टी नाही. काल फोन करून मला म्हणाली, तू व्हिटबीतच राहतेस, तर यंदा तूच कर. मॅला आवडायचं तेच न्यायचं, भिक्खूंनी खाल्लं की तिला पोचतं. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडेही गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचंच वाढतात, चुकलं तर कावळा शिवत नाही. मी म्हटलं, हिरवी करी करते, भाज्यांची. तर म्हणते, "करी नको. तुझी ती खिचडी. गोळा झालेली. आणि मॅ वरून घालायची ते सगळं घाल." फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

एक्स्चेंजवर एक वर्ष शिकायला म्हणून यवतमाळहून आले, तेव्हा कॅनडात म्हणजे गोऱ्या माणसांच्या घरी राहायचं, अशी आमच्या अख्ख्या गल्लीची खात्री होती. एअरपोर्टवर तू हात जोडून उभी. मला वाटलं, बाई खास माझ्यासाठी नमस्कार शिकून आली! तुम्ही थाई लोक सगळ्यांनाच असे हात जोडता, हे कळायला आठवडा गेला. तुझी लेक तुला मॅ म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. मॅ म्हणजे आईच, पण 'आई' म्हणायला जीभ वळेना, आई यवतमाळला होती. मी अंडंसुद्धा खात नाही हे कळल्यावर तू माझं पातेलं वेगळं केलंस, माझ्या डावाला लाल दोरा बांधलास. तुमच्या घरी मिठासारखा फिश सॉस चालायचा, पण माझ्या पातेल्यात त्याचा थेंब कधी पडला नाही. शाळेतून आले की अंगातलं जॅकेट निघायच्या आत तुझा प्रश्न, जेवलीस का?

मग ती संकष्टी. साबुदाण्याची खिचडी करते म्हटल्यावर तूच तुमच्या ग्रोसरीतून पाकीट आणलंस. मी आईने शिकवल्याप्रमाणे भिजत घातला, पण तो आपला साबुदाणा नव्हताच, तुम्ही नारळाच्या दुधात गोड करता तो. भिजून त्याची खळ झाली आणि कढईत डिंकाचा गोळा. मी तो टाकायला निघाले, तेवढ्यात तू माझ्या हातातून ताटली घेतेस, त्यावर लिंबू पिळतेस, मिरची चिरून घालतेस आणि वर चांगला भरपूर फिश सॉस. उपासाच्या खिचडीवर मासे! मी तुझ्यावर ओरडले, मग रडायलाच लागले. तू चमचा खाली ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, "अन्नासमोर रडायचं नाही. आधी खा, मग भांड." मला बटाटे उकडून दिलेस, मीठ-जिरं लावून. मी ते खात होते आणि तू समोर बसून अख्खा गोळा संपवलास. मला वाईट वाटू नये म्हणून संपवतेयस, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

पुढे मी इंडियन स्टोअरमधून खरा साबुदाणा आणला. तू दर महिन्याला कॅलेंडर बघून विचारायचीस, चतुर्थी कधी? मला वाटायचं, किती मान ठेवते माझ्या उपासाचा! मी मोकळी, दाणा न् दाणा सुटी खिचडी करायचे, तू दोन घास खाऊन छान म्हणायचीस आणि ताटली बाजूला सरकवायचीस. काल तुझ्या लेकीने सांगितलं, तू त्या गोळ्याची वाट बघायचीस. मी परत गेल्यावर तू तो स्वतः करून बघितलास, बऱ्याचदा, पण तसा जमला नाही म्हणे. अगं, मला सांगायचं होतंस ना! मी ढीगभर बिघडवून दिली असती.

आज ते थाई पाकीट शोधून आणलं आणि जन्मात पहिल्यांदा फिश सॉसची बाटली विकत घेतली. पुढे मी इथेच राहायला आले, आणि इथेच जन्मलेली माझी लेक नाक धरून किचनमध्ये आली. "मॉम, व्हॉट इज दॅट स्मेल?" म्हटलं, तुझ्या आजीची खिचडी. "विच आजी?" म्हटलं, व्हिटबीची. गोळा पहिल्या झटक्यात जमला, बिघडवायला कसलं कौशल्य लागतं. अडलं ते फिश सॉसपाशी. तू कधी मोजून घातला नाहीस आणि वासावरून मला काही कळेना. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, आणि मासे तर माझ्या जिभेला कधी लागलेले नाहीत. पण कमी पडला तर तू उद्याही छान म्हणशील आणि ताटली सरकवशील. ते मला नको होतं.

हे पत्र विहारात ठेवणार नाहीये. तिथे मराठी कोणाला येतं, आणि तुला तरी कुठे येत होतं. खिचडी डब्यात भरून झालीय. मी चाखली, मॅ. सॉस थोडा कमी वाटला, म्हणून आणखी घातला आणि परत चाखली. तेव्हा बरोबर झाला होता. तिसरा चमचा मी उगाचच खाल्ला.