‘मूठ’ नावाच्या अत्तराची वाटणी

मी, जॉय मार्क बोर्जिस, वय वर्षं सव्वीस, राहणार उत्तन, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही धाकाशिवाय आणि अत्तराखेरीज कशाच्याही अमलाखाली नसताना, हे माझं पहिलं मृत्युपत्र लिहिते. तब्येत ठणठणीत आहे. उद्या सकाळी बाइकवरून कनौजला निघतेय. तिथल्या एका भट्टीवाल्यांनी माझ्या अत्तराची कुपी हुंगली आणि वर्षभर शिकायला बोलावलं. आई म्हणाली, "आयटीआय अर्धी टाकलीस, पार्लर अर्धं टाकलंस, गोव्याला म्हणून निघालीस ती रत्नागिरीतनं माघारी आलीस. निदान मागचं तरी नीट लिवून ठेव गो." म्हणून लिहितेय. (रत्नागिरीचं कारण फणस होते. ते पुन्हा कधीतरी.)

कलम १. बाइक माझ्याबरोबर जाईल. माझ्यामागे ती शिल्लक राहिली, तर धाकटा भाऊ वॉरेन याला द्यावी. क्लच हळू सोडावा.

कलम २. तंबू, स्टोव्ह आणि अर्ध्या भरलेल्या सात वह्या आई टेरेझा हिला. वह्यांची उरलेली पानं कोरी आहेत, हिशेबाला चालतील. पहिली पानं वाचू नयेत. वाचलीच, तर रागावू नये.

कलम ३. आता मुख्य मिळकत. माझ्याकडे घर नाही, सोनं नाही. ‘मूठ’ हे अत्तर आहे, आणि ते कसं करायचं ते आहे. त्याची वाटणी करण्याआधी ते कुठून आलं हे लिहिणं भाग आहे, नाहीतर वाटणी कळणार नाही.

आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटतात आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. कुटायला मुर्ध्याच्या गोदूबाई येतात. तीन वर्षांपूर्वी मी व्हिडिओ बघून अत्तर करायच्या नादात होते. बिनवासाचं तेल, थोडं चंदन, थोडा ऊद घेतला आणि गच्चीवर धुऊन वाळत ठेवलेल्या बाटल्यांपैकी एकीत ओतला. नेमकी तीच बाटली धुवायची राहिली होती. तळाला दोन बोटं जुना मसाला होता. तपकिरी काचेतून दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही.

महिन्याने बूच काढलं आणि मी तिथेच खाली बसले. असा वास मी कुठे घेतला नव्हता. वॉरेन लग्नाला निघाला होता, त्याच्या मानेला लावला. मसाल्यात मिरची असते हे मी विसरले होते. "मेलो! मेलो गो!" करत तो नळाखाली मान घालून बसला. पण लाल मानेने लग्नाला गेला तेव्हा तिघांनी त्याला विचारलं, काय लावलंयस? त्या एका प्रश्नासाठी त्याने मला माफ केलं. मीही त्याचा उपकार इथे लेखी मान्य करते.

मग मी गोदूबाईंकडे गेले. "मावशी, बिनमिरचीचा मसाला कुटून द्या."

"कोन आजारी हाय तुमच्याकडं?"

"कुणी नाही."

"मंग बिनमिरचीचा मसाला म्हंजे बिनपान्याची होडी. जा घरी."

चार वेळा गेले. पाचव्या वेळी त्यांनीच दालचिनी पुढे ओढली. पण गोदूबाई वजन करत नाहीत, मुठीने घेतात. मी तेच जिन्नस सोनाराच्या काट्यावर तोलून घातले, तर अगरबत्तीच्या दुकानासारखा वास आला. वास त्यांच्या मुठीत होता. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि हात आता कापतो. मूठ गेली की वास गेला, हे मला त्या दिवशी कळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची तरी घाई झाली.

चर्चमधल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवले. कोमट मेणाचा गोळा गोदूबाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, लवंग घेता तशी मूठ आवळा. दुसरा गोळा दिला, नागकेशर घेता तशी सैल धरा. बोटांच्या खुणांसकट ते दोन गोळे घेऊन भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात गेले आणि तेवढंच मावेल अशी स्टीलची दोन मापं करून घेतली. एक आवळलेल्या मुठीचं, एक सैल मुठीचं. अख्खा मे महिना गोदूबाईंच्या अंगणात बसून बाकीचं शिकले. मध्ये उठून गेले नाही. हे आईने सहीनिशी मान्य करावं.

कलम ४. हे अत्तर कुणाचं? आधी लवंग येते, दार न वाजवता घरात शिरणाऱ्या माणसासारखी. मग दालचिनी आणि जायपत्री, म्हणजे तो माणूस मोठ्याने हसतो. शेवटी चंदन आणि नागकेशर उरतं, म्हणजे सगळे गेल्यावर खुर्च्या उचलायला तोच थांबलाय. असा माणूस बाई असू शकतो, पुरुष असू शकतो. मी लावलं तर बायका म्हणाल्या, पुरुषासारखी वास मारतेस. वॉरेनने लावलं तर पोरं म्हणाली, बायकी झालास. म्हणजे दोघांनाही सारखंच शोभलं.

भाईंदर पश्चिमेला भावेशभाईंचं सेंटचं दुकान आहे. ते म्हणाले, "बेन, जेन्ट्स का है के लेडीज का? रॅक दो ही है."

मी म्हटलं, "माणसांचं आहे."

"माणस का रॅक नहीं होता. ऐसा करो, वही माल, एक गुलाबी बोतल, एक काली."

मी नाही म्हटलं आणि निघाले. एक कुपी काउंटरवर राहिली, विसरून. (विसरणं कधीकधी कामाला येतं.) संध्याकाळी जेसल पार्कचं एक जोडपं त्या एका कुपीवरून दुकानात भांडलं. ‘माझ्यासाठी.’ ‘नाही, माझ्यासाठी.’ भावेशभाईंचा फोन आला, "बेन, और है क्या?" आज त्यांच्या दुकानात दोन रॅकच्या मधोमध तिसरा रॅक ठोकलेला आहे. त्यावर फक्त ‘मूठ’ आहे. सुतार मीच नेला होता.

कलम ५. म्हणून वाटणी अशी. आवळलेल्या मुठीचं माप वॉरेनला. सैल मुठीचं माप गोदूबाईंची नात चांदणी हिला. एकाच्या मापाने दुसऱ्याशिवाय काही होत नाही, हे मुद्दाम आहे. अत्तर एकाच बाटलीत, एकाच नावाने जाईल. ज्याने गुलाबी-काळं केलं त्याचं माप त्याच दिवशी दुसऱ्याकडे जाईल.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून भावेशभाईंना साक्षीला बसवलंय. ते हसले, पण सही केली.

दुसरी साक्ष आई करणार होती, कलम २ मधल्या तिच्या वाट्यावर पाणी सोडून. आणि मेणाचे दोन्ही मूळ गोळे मी गोदूबाईंच्या नावे लिहिले होते. तर गोदूबाईच पुढे सरकल्या. "मी करतंय साक्ष."

"मावशी, मग तुम्हाला काही मिळणार नाही."

"अगो, ज्याची मूठ त्यालाच काय देतेस? माझ्यासंगं हाय ती. तू ये कनौजवरनं, मंग बघू."

म्हणून ते गोळे आईला. गोदूबाई नुकत्या लवंग निवडून उठल्या होत्या. त्यांच्या अंगठ्याशेजारी कागदावर जो तपकिरी डाग आहे आणि ज्याला वास येतो, ती खाडाखोड समजू नये. तो मृत्युपत्राचाच भाग आहे.

हे मी शेवटपर्यंत लिहिलं आहे.

सही: जॉय मार्क बोर्जिस

दोघांनी मला सही करताना पाहिलं, मग माझ्यासमोर साक्ष केली:
१. भावेश शाह, भाईंदर पश्चिम (सही)
२. गोदूबाई पाटील, मुर्धे (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: उत्तन
दिनांक: २ जून २०२५