फोनमधी पोरगी गुलाबी दिसते

९ जाने.
पोरगी पाच दिवसाची झाली. माय खिडकी उघडू देत नाई. बाळंतिणीले हवा लागते म्हणते. बल्बच्या उजेडात पोरीचं तोंड मले पिवळं दिसून राह्यलं. माय म्हणे, बल्बच तसा हाये. असंल.

मंग नव्या फोननं फोटो काढला. त्यात मस्त गुलाबी दिसते. जीव भांड्यात पडला.

१० जाने.
फोटो ह्याईले पाठवला. हे ऊर्जानगरले ठेकेदाराकडं, सुट्टी नाई. लगेच फोन आला. "पोरीले आत्ताच हळद लावली का वो?" मी म्हटलं, तुमचा फोन जुना, स्क्रीन खराब. हे म्हणे, "तो नवा मीच घेतला ना. दुकानदारच सांगे, याच्या स्क्रीनवर समदं गोरं-गुलाबी दिसते."
आता कोणता खरा? मले नवाच खरा पायजे.

११ जाने.
दूध वढत नाई. निस्ती झोपून राह्यली. उठवलं तं रडत बी नाई.
दिवसभर फोटोच पाहून राह्यली मी. फोटोत बरी हाये. भेव लागते. मायले सांगतलं नाई.

१२ जाने.
सरकारी दवाखान्याची आशाबाई पोरीले तपासाले आली. मी पयले फोन पुढं केला.
"फोटोचं काय करू बाई? पोरगी दे."
आंगणात नेली. माय मांगून बोंबलत, थंडी लागंल, नजर लागंल. बाईनं उन्हात पोरीच्या नाकावर बोट दाबलं, सोडलं. तिथी पिवळं. डोळे बी पिवळे.
"कावीळ हाये. लवकर दवाखान्यात नेलं तं बरी होते. चाल आत्ताच." मंग मायले म्हणे, "हा फोन मले बी गोरी दाखवते मावशी. मी हाये का गोरी?"
माय हासली नाई. पन टोपडं तिनंच आणलं.

१३ जाने. चंद्रपूर, दवाखान्यात
निळ्या लाईटखाली ठेवली. डोळ्यावर पट्टी, आंगावर कपडा नाई. पाह्यल्या जात नाई. पाजाले तेवढी हातात देते.
हे डुटीवरून तसेच आले, बूट बी धुळीचे. लय वेळ काचेतून पाहत राह्यले. म्हणे, "नाक तं तुयं हाये." डोळे पुसले, मले वाटलं मी पाह्यलं नाई असं दाखवावं.

१४ जाने.
सकाऊन पुन्हा रक्त नेलं. सिस्टर म्हणे, कावीळ कालच्यापेक्षा कमी यायले पायजे. रिपोर्ट अजून नाई आला.
आत्ता पाजाले घेतली. एवढी जोरात वढली का मले दुखलं.
दुखू दे.