भारतमातेची खुर्ची

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे.

निवृत्त झाल्यापासून मी इथेच, कोल्हापुरात, एका बालवाडीत शिकवते. काल आमचं स्नेहसंमेलन झालं. विषय होता 'आम्ही सारे समान', आणि मोठ्या गटाचं लेझीम. त्या गटात एक मुलगी आहे, मूळची चंदगडकडची. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. तिच्या उजव्या पायाला कॅलिपर आहे, आधाराचा लोखंडी पट्ट्यांचा. लेझमीचे सगळे हात तिला पाठ आहेत, फक्त पाऊल जरा उशिरा पडतं. शिक्षिकांच्या बैठकीत मी म्हटलं, सगळ्यांसाठीच ताल थोडा संथ ठेवू. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, लेझीम आहे, आरती नव्हे." सगळ्या हसल्या. मग कुणाला तरी सुचलं, तिला मधोमध सजवलेल्या खुर्चीवर भारतमाता करून बसवू, बाकीची भोवती खेळतील. एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळणार? मी दोनदा "प्लीज, पण..." म्हटलं. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

मुकुट बांधताना तिनं मला विचारलं, "बाई, भारतमाता नाचत न्हाय व्हय?"

मला कॉन्व्हेंट शाळेतली तुमची चॅपलची रांग आठवते. पोलिओ झालेली आमच्या वर्गातली मुलगी तुम्ही सगळ्यांत पुढे उभी करता, आणि आम्ही चाळीसजणी तिच्या चालीनं मागून जातो. रोज उशीर. दारात मदर सुपीरियर उभ्या, कपाळाला आठ्या. तुम्ही नुसतं "गुड मॉर्निंग, मदर" म्हणता आणि आत शिरता. नंतर ऑफिसचं दार बंद करून त्या तुम्हाला काय बोलायच्या, तुम्ही काय उत्तर द्यायचात, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्हाला वाटलं, चांगलं वागलं की झालं. आवाज चढवायचा नाही, मोठ्यांचं बोलणं तोडायचं नाही, एवढंच तुम्ही शिकवलंत. ऑफिसातलं ते भांडण का नाही शिकवलंत, सिस्टर? मला तेच हवं होतं.

काल सगळ्यांत जास्त टाळ्या तिलाच पडल्या. पाहुण्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. ती हातात झेंडा धरून बसली होती आणि खालच्या पाटावर तिचा कॅलिपरचा पाय ताल धरत होता, बरोबर सगळ्यांच्या तालात.

निघताना तिची आई भेटली. "फोटो झ्याक आलाय की, बाई. पर पोरगी लेझीम कवा खेळायची?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की."

"फुडल्या वर्साला ती पैलीत जातीया. तुमच्याकडं कुठली असायला?" तिनं लेकीचा मुकुट काढून माझ्या हातात दिला, आणि दोघी हळूहळू फाटकाकडे गेल्या.

तुम्ही आमच्याशी कायम इंग्रजीतच बोललात. मराठी तुम्हाला वाचता येत नव्हती. खरं सांगायचं तर म्हणूनच हे मराठीत लिहिलं आहे. इंग्रजीत मला अजूनही तुमच्यावर रागावता येत नाही.