विस्टिन पाथरवटाचं मत

४ मे १९३०, रविवार

चर्चमधून मान खाली घालून घरी आले. आज बिशपांचं पत्र वाचून दाखवलं. चर्चशी भांडणाऱ्या बाबांच्या पक्षाला जो मत देईल तो महापापी — त्याला क्षमा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. आमचे पाद्री दुन गेजतान वेदीवरून वाचत होते आणि मधेच काठीचा आवाज. बाबा उठून चालते झाले! एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा मिस्सा अर्धी टाकली. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच त्यांना ढकललं.

घरी येऊन पाहते तर पावाला टोमॅटो चोळत बसलेले. "आता काय होणार?" मी म्हटलं.

"होणार काय? जूनमध्ये मतदान होणार. तेल जरा जास्त घाल."

७ मे

मला मत नाही. आमच्या माल्टात बायकांना मतच नाही, पण त्यापायी रडायचं मात्र बायकांनी!

आज भांडले. एका चिठ्ठीपायी नरकात जायचंय का, म्हणून विचारलं. तर पुन्हा तीच गोष्ट — "अकरा वर्षांपूर्वी वालेत्ताच्या चौकात मी होतो. गोऱ्या सोजिरांनी गोळ्या झाडल्या, चौघं गेले. तेव्हा कुठे इंग्रज साहेबाला जाग आली. दोन वर्षांनी राज्यघटना दिली, आपली विधानसभा दिली. माझं मत त्या चौघांचं आहे, डोलोर. ते मी पाद्र्याच्या झोळीत नाही टाकायचा."

जन्मभर दगड फोडले, आता डोक्यातही तोच भरलाय.

१३ मे

बाबांच्या खोकल्यातून रक्त पडलं. दगडाच्या धुळीनं छाती खाल्ली. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा.

संध्याकाळी दुन गेजतान आले. वाईट माणूस नाही. आई गेली तेव्हा मरणाआधीचं शेवटचं तेल त्यांनीच लावलं. खाटेशी बसून म्हणाले, "विस्टिन, त्यांना मत देणार नाही एवढंच म्हण. लगेच शेवटचं तेल लावतो. माझेही हात बांधलेत रे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरावं लागेल."

"बाहेर हवा चांगली असते," बाबा म्हणाले.

मी अंगणात जाऊन रडले. शेळीवाला दूध काढायचं सोडून बघत राहिला.

१४ मे

दुन गेजतान पुन्हा आले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१६ मे

बाबांना सकाळपासून शुद्ध नाही. घशात घरघर.

मी गेले. धावत गेले. दुन गेजतानना म्हटलं, मघाशी शुद्धीवर आले होते, कबूल झाले, तुम्हाला बोलवा म्हणाले. खोटं! तोंडावर! त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग मरणाऱ्याच्या दारी न्यायची घंटा काढायला सांगितली.

पुढे घंटा, मागे ख्रिस्तप्रसाद घेऊन ते, गल्लीत जो तो गुडघ्यावर. विस्टिनच्या दारात घंटा आली म्हणजे विस्टिन वाकला — हे कुणाला सांगावं लागलं नाही. वाकू दे! मला काय त्याचं? बाबांच्या कपाळाला तेल लागलं. आता सुखानं जातील.

१८ मे

गेले नाहीत. डोळे उघडले आणि दूध मागितलं!

२१ मे

आज कळलं त्यांना. मी उन्हासाठी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर खुर्ची. पक्षाच्या क्लबातली, त्यांची. तीस वर्षं संध्याकाळी तिच्यात बसले. रात्रीतून कुणीतरी न बोलता आणून ठेवलेली.

"ही इथं कशाला?" बाबांनी विचारलं. मी केरसुणी उचलली.

"डोलोर, घंटा वाजली होती का?"

सगळं सांगितलं. ओरडले असते, काठी उगारली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "माझा शब्द तू दिलास?" तेव्हापासून बोलत नाहीत.

२५ मे

बोलले, पण चेन्सूशी. माझा भाऊ रविवारी गोदीतून घरी येतो. मला ऐकू जाईल अशा बेतानं त्याला म्हणाले, "मतदानाच्या दिवशी मला याच खुर्चीत घालून शाळेत न्यायचं. भर दुपारी, चर्चवरून. सगळ्यांनी बघितलं पाहिजे."

म्हणजे पुन्हा पाप. लागलेलं तेल फुकट. आणि माझं काय? क्षमा मागायची तर दुन गेजतानकडेच मागायला हवी, आणि तिथं तोंड उघडलं की बाबा कबूल झालेच नव्हते हे उघडं! देवा, काय करून बसले मी!

११ जून

मतदान पुढे ढकललंय म्हणे. किती ते कुणालाच ठाऊक नाही. बाबांचा सापळा झालाय, पण रोज वाडगाभर सूप संपवतात. चेन्सूनं खुर्चीला दोन वासे बांधून ठेवलेत. डॉक्टर विचारतात, हा माणूस जगतोय कशावर?

मला माहीत आहे कशावर. म्हणून तर झोप नाही.

२७ जून

चेन्सू भलत्या वारी आला. दारातच म्हणाला, संपलं. गव्हर्नरनं राज्यघटनाच स्थगित केली. निवडणूक नाही, विधानसभा नाही, कारभार सगळा साहेबाच्या हातात. पोरं भांडली म्हणून घरच काढून घेतलं!

"बाबांजवळ बोललास तर याद राख," मी म्हटलं. तेवढ्यात आतून आवाज, "डोलोर, तारीख लागली का?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "रविवारी," मी म्हटलं.

हे दुसरं खोटं. रविवारपर्यंत काही टिकत नाहीत, असं वाटलं. खरंच तसं वाटलं.

२९ जून, रविवार

टिकले. पहाटेच दाढी करून घेतली.

संत पीटर-पॉलचा सण. घराघरातून सशाच्या रश्श्याचा वास, गल्ली माणसांनी भरलेली. खुर्चीच्या वाशांना पुढे चेन्सू, मागे मी. हात तुटायची वेळ आली. निवडणूक नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी कुणी हसलं नाही. बाजूला होत गेले. दुन गेजतान पायरीवर उभे होते.

शाळेला कुलूप. वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बाबांनी काठीनं दार ठोठावलं. तीनदा. मग त्या फाटक्या छातीतून ओरडले, "विस्टिन झेराफा! मत द्यायला आलोय! मी कुणालाही शब्द दिला नव्हता!"

परत येताना हळूच म्हणाले, "परवाच बंद केलं ना साहेबानं? चेन्सूच्या आवाजावरून कळलं मला. पोरी, खोटं बोलणं तुला अजून जमत नाही."

मी मागे होते म्हणून बरं. रडताना दिसले नसेन.

१ जुलै

बाबा पहाटे गेले. शेवटपर्यंत शुद्धीत होते. "दुन गेजतानना बोलावू?" विचारलं. मान हलवून नाही म्हणाले. मी बोलावलं नाही.

घंटा वाजली नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

दुपारी क्लबातली माणसं आली आणि खुर्ची परत घेऊन गेली.