घरावर पडलेला नारिंगी रंग

१२ फेब्रुवारी

लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. वही उशीखाली, मी उशीवर. रोज झोपच जिंकते.

सांगण्यासारखं नाही असं नाही. नोकरी लागली – हवामान कार्यालयात. जगाच्या नव्या नकाशासाठी एकेका गावाचा पाऊस आणि तापमान बघायचं, गाव कुठल्या गटात पडतं ते ठरवायचं, रंग द्यायचा. बेकरी झाली, गॅरेज झालं, बोटीवर भांडी घासून झाली, आता हे. घरून निघताना बाबा म्हणाले होते, "तुझ्या पायाला भिंगरी. बघू कुठं टिकतेस."

टिकायचंय. यावेळी तरी.

१५ फेब्रुवारी

आमचे सर उभे राहतात ते पाय फाकवून, म्हणून सगळे त्यांना कर्कटक म्हणतात. माझं शिक्षण अर्धवट, म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगतात. "अगं, आज पाऊस पडला ती झाली हवा. तीस वर्षांची सरासरी काढ, ते हवामान. आज चिडलेला माणूस वेगळा आणि चिडका माणूस वेगळा."

म्हणजे बाबा हवामान. लिहून ठेवते.

मोठे गट पाच. कायम गरम नि ओलं, कोरडं, सौम्य, कडक थंडीचं, बर्फाचं. त्यात पोटगट. ज्यानं हे पहिल्यांदा मांडलं तो म्हणे झाडं बघून रेघा ओढायचा. कुठं काय उगवतं, त्यावरून हद्द. बाबांना आवडला असता. रोपवाटिका चालवण्यात त्यांचा जन्म गेला; त्यांचाही आकड्यांवर विश्वास नाही, पानांवर आहे.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल शिकतंय. पडलं. परत बसलं.

१९ फेब्रुवारी

ताईचा फोन. बाबांची विहीर आटली. रोपं वाळतायत. ताई म्हणते, माझ्याकडे राहायला या. बाबा म्हणतात, "मला इथून उपटलंत तर मी जगायचो नाही." आणि वर माझ्यासाठी निरोप – "ती तिथंच बसलीय ना? विचार तिला, यंदा नवीन कलमं बांधू का? पाऊस परत येणार का?"

कधी नव्हे ते बाबांनी मला काही विचारलं. आणि विचारलं ते हे.

२० फेब्रुवारी

आपल्या गावाचे आकडे काढले. जुन्या नकाशात हिरवं, सौम्य. नव्या तीस वर्षांत नारिंगी, म्हणजे निमकोरडं. कोरडं ठरवताना नुसता पाऊस धरत नाहीत, ऊन त्यातलं किती पिऊन टाकतं तेही धरतात. आमच्याकडे ऊन जास्त पितंय.

ताईला कळवलं नाही.

२४ फेब्रुवारी

शोभा झाली! पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात ऋतू उलटे असतात, आणि मी सगळ्या जगाचा उन्हाळा एकच धरला. उन्हाळ्यात कोरडी असलेली गावंच्या गावं हिवाळ्यात कोरडी करून ठेवली.

"अगं बाई, तिकडे जानेवारीत घाम पुसतात!" कर्कटक डोक्याला हात लावून बसले. "सगळं परत तपास. सगळं."

हिरमुसायला हवं होतं. पण मी जिन्यात येऊन हसले. सगळंच चुकलं असेल तर घरही चुकलं असेल. मूर्ख मीच निघू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

२७ फेब्रुवारी

घर चुकलेलं नाही.

ते पृथ्वीच्या उत्तर अर्ध्यातलं, त्याला माझी चूक लागलीच नव्हती. तरी सरांना परत बघा म्हटलं. त्यांनी स्वतः बेरजा केल्या. "काठावर होतं. आता पलीकडे गेलं. कुणाचं गाव?"

"कुणाचं नाही."

"कुणाचं नसतं तर परत बघा म्हटलं नसतंस." मग चहा मागवला. कागद माझ्याकडे सरकवला. चहा निवला.

१ मार्च

बाबांना फोन केला. म्हटलं, कलमं बांधू नका. तो पाऊस आता धरून चालायचा नाही.

वाटलं होतं ओरडतील. तुला काय कळतं, भटकभवानी, असं काहीतरी. ते बरं पडलं असतं.

"बरं," म्हणाले. फोन ठेवला.

४ मार्च

ताई रडत होती. "काय बोललीस गं त्यांना?" घराला कुलूप आहे. फोन बंद. शेजाऱ्यांनाही काही सांगून गेले नाहीत.

विहिरीत उतरून बघून आलेत लोक. कुणी नाही. पण बघावं लागलं.

काम सुचत नाही. ब्रश नुसता धुतेय. खरं सांगायलाच हवं होतं का? एक वर्ष आशेवर निघालं असतं. एक वर्ष म्हणजे नुसती हवा.

६ मार्च

वॉचमन वर आला होता. म्हणाला, खाली एक म्हातारे आलेत. हातात वळकटी, आणि डब्यात लावलेलं एक रोप. आत या म्हटलं तर येत नाहीत. आधी सांगा म्हणतात, ती अजून इथंच आहे ना?

आहे. खाली जाते.