गव्हाणीपासून लांब

२४ डिसेंबर २०२०, बोरिवली

फेलिक्सचा खोकला आज वाढलाय. की मलाच तसं वाटतंय? पॉझिटिव्ह आल्यापासून तो आतल्या खोलीत एकटा आहे, मुलं बंद दारातूनच बाबाशी गप्पा मारतात.

दरवर्षी चर्चमधून, रात्रीच्या मिस्साच्या प्रार्थनेहून आलो की तोच धाकट्या नीलला उचलून घेतो आणि दोघं मिळून बाळ येशूला क्रिबमध्ये, नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीत ठेवतात. तोवर गव्हाण रिकामी. यंदा मिस्सा मोबाइलवर. म्हटलं, मुलांनो, आत्ताच ठेवा. आणि मी नेवऱ्या तळायला गेले.

येऊन बघते तर बाळ गव्हाणीत, शेजारी गाय आणि मेंढरं. मारिया आणि जोसेफ मात्र पार टीव्हीमागे, भिंतीला टेकवलेले. तोंडावर टिश्यूचे मास्क.

"हे काय रे?"

"आईबाबा आहेत ना ते," नील म्हणाला. "बाळाला होईल ना."

"गाईला होत नाही," जेनीने ताईच्या थाटात सांगितलं. "ती सांभाळेल त्याला."

हसले मी. नेवऱ्या करपल्या तिकडे.

सकाळपासून माझाही घसा खवखवतोय. घरातही मास्क लावूनच फिरतेय. टेस्ट दिलीय, रिपोर्ट उद्या. मुलांना सांगितलेलं नाही. मलाही आत जावं लागलं तर यांच्याजवळ कोण? आपल्याकडे तर गायपण नाही.

मुलं कार्टून बघत बसली तेव्हा मारियाला हळूच गव्हाणीजवळ आणून ठेवलं. थोडा वेळ बघत राहिले.

मग उचलून परत भिंतीपाशी ठेवलं. मास्क नीट केला तिचा.